सटीचा कागद

१२ मेच्या परिचारिका दिनाच्या पुरस्कारासाठी आमच्या नवजात अतिदक्षता विभागातून एक नाव सुचवण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. अर्जात हजेरी, प्रशिक्षणे आणि 'बरे होऊन घरी गेलेले रुग्ण' असे रकाने आहेत. ज्या सिस्टरचे नाव मला द्यायचे आहे, तिच्या एका रात्रीसाठी त्यांत कुठेच जागा नाही.

त्या रात्रीचे बाळ म्हणजे वाळपईच्या पलीकडच्या गावातील एका जोडप्याची पहिली मुलगी. मुठी घट्ट आवळलेल्या, तर्जनी मधल्या बोटावर चढलेली, हृदयाला मोठे छिद्र. चौथ्या दिवशी अहवाल आला : ट्रायसोमी १८, म्हणजे अठराव्या गुणसूत्राची एक जादा प्रत. या बाळांपैकी शंभरात पाच ते दहाच पहिल्या वाढदिवसापर्यंत पोहोचतात. आईवडिलांशी बोलून व्हेंटिलेटर लावायचा नाही असे ठरले, आणि तरीही त्या संध्याकाळी मी सवयीने ब्लड गॅसचा, म्हणजे रक्तातील ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइड मोजण्याचा, नमुना सुई टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच लिहिला, तेव्हा ही सिस्टर ड्युटीवर होती. टोचण्याच्या दोन मिनिटे आधी बाळाच्या जिभेवर सोडायचे २४ टक्के साखरेचे पाणी तिने सिरिंजमध्ये भरून घेतले होते; ते हातात धरूनच तिने विचारले, "डॉक्टर, जो आकडा येईल त्यावर आपण काही करणार आहोत का?" मी ऑर्डर खोडली. आदल्या संध्याकाळची ती सुई मात्र अजून मनातून जात नाही.

सहाव्या रात्री सटी होती. आजी कोरा कागद आणि समई घेऊन आली आणि दारावर तिला अडवले गेले, कारण आमच्याकडे आईखेरीज कोणाला आत घेत नाहीत. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरी बहुधा सगळी बाळे धडधाकट जन्मली असावीत. सिस्टर बाहेर जाऊन म्हणाली, "आजी, आत ऑक्सिजन आहे, दिवा नको. कागद घेऊन तुम्हीच या." स्वतःच्या खिशातले पेन काढून तिने ते कागदासह वॉर्मरवरच्या दुपट्याखाली ठेवले.

पहाटेकडे बाळाचा श्वास ओढल्यासारखा होऊ लागला. तो त्रास शमवायला मॉर्फिन हवे होते. २०१४ च्या दुरुस्तीने अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सैल झाला, पण कपाटाची किल्ली दुसऱ्या मजल्यावर आणि नोंदवहीवर दुसरी सही हवी, म्हणून चाळीस मिनिटे गेली. तेवढ्या वेळात सिस्टरने बाळाला आईच्या उघड्या छातीवर दिले, मॉनिटर बंद केला आणि गालावरची नळीची चिकटपट्टी खोबरेल तेलाच्या बोळ्याने कडेपासून भिजवत, जराही न ओढता, सोडवली. सहा दिवसांच्या कातडीवर ती पट्टी ओढली तर सालच निघते. आईने त्या गालाचे पहिल्यांदा मोकळेपणी चुंबन घेतले. मॉर्फिनचा अगदी लहानसा डोस पोहोचला आणि श्वास निवळला. ३ वाजून ४० मिनिटांनी मी स्टेथोस्कोप लावला, तेव्हा काही ऐकू आले नाही.

नंतर सिस्टरने स्टॅम्पपॅडवर बाळाची पावले टेकवली आणि ठसे त्याच कोऱ्या कागदावर घेतले. आजीने तो कागद पदरात बांधून नेला.

'बरे झालेले रुग्ण' हा रकाना मी रिकामा ठेवला आहे. शेरा म्हणून त्या रात्रीची तिच्या हातची नोंद, नाव झाकून, जोडली आहे : "०३.०५. बाळ आईजवळ. सॅच्युरेशन घेतले नाही."