कोकणकड्याची डावी बाजू

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मी आणि धाकटा भाऊ पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो. देवळापाशी पाणी भरून घेतलं आणि थेट कोकणकडा गाठला. सूर्य मावळण्याआधी तासभर तरी मला हातात हवा होता.

हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो. कड्याच्या मध्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताचा कातळ तिरप्या उन्हात तांबूस होतो आणि डाव्या हाताची बाजू सावलीत जाते. मला सूर्य, ती सावलीतली बाजू आणि काठावरचं वाळलेलं गवत एकाच चौकटीत हवं होतं. गेली दोन वर्षं याच फोटोच्या मागे आहे.

एका क्लिकमध्ये ते मावत नाही. आकाश सांभाळावं तर कातळ डांबरासारखा काळा येतो, कातळ सांभाळावा तर सूर्याभोवती पांढरं भगदाड पडतं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. चांगला सेन्सर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, फाइलमध्ये चौदाएक स्टॉप पकडतो आणि एरवी तेवढं पुरतंही, पण सूर्यच चौकटीत घेतला की पुरत नाही. डोळ्याला हे जाणवत नाही, कारण तो आधी आकाश बघतो, मग कातळ बघतो आणि दर वेळी स्वतःला जुळवून घेतो.

म्हणून ब्रॅकेटिंग केलं, म्हणजे तीच चौकट कमी-जास्त उजेडात तीनदा टिपली. ट्रायपॉड, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचं तोंड एफ ८ वर कायम, बदलायचा तो फक्त शटर: १/२५०, १/६० आणि १/१५ सेकंद. अ‍ॅपर्चर बदललं तर फोकसची खोली बदलते आणि तीन फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. कड्यावर वारा एवढा होता की भाऊ ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला सॅक अडकवून ती धरून बसला होता.

घरी आल्यावर लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही फाइल मर्ज केल्या, म्हणजे एकात एक जोडल्या, आणि हायलाइटचा स्लायडर खाली, शॅडोचा वर असं करत बसले. कातळातला एकेक थर दिसायला लागला. बेसाल्टच्या आडव्या रेघा, भेगांत उगवलेली झुडपं, सगळं! रात्री दीड वाजता मला वाटलं, जमलं.

सकाळी अण्णांना दाखवलं. अण्णांचा संगमनेरला फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आल्यावर तो बंद झाला, पण नजर तीच आहे. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि डावीकडच्या कातळावर बोट ठेवून विचारलं, "इथं उजेड आला कुठून? सूर्य तर समोर आहे."

त्यानंतर मला त्या फोटोत दुसरं काही दिसेना. कातळ करडा-जांभळा झाला होता आणि सावलीत असून उन्हात असल्यासारखा उजळ होता. कड्याची कड जिथे आकाशाला भिडते, तिथे बोटभर पांढरट पट्टी आली होती. याला हेलो म्हणतात. टोन मॅपिंग, म्हणजे जोडलेला सगळा उजेड एका फोटोत बसवण्याचं काम, करताना सॉफ्टवेअर प्रत्येक भागाचा उजेड त्याच्या शेजारच्या भागाशी ताडून वरखाली करतं, आणि गडद-उजळ भाग जिथे भिडतात तिथे ते जास्त ताणलं की ही पट्टी उमटते. २०० टक्के झूम केलं तर गवताच्या एकेका पात्याला तीन-तीन शेंडे दिसले. तीन क्लिकमध्ये वाऱ्याने ते तीन जागी नेलं होतं. हललेल्या गोष्टींची जादा रूपं पुसणारं डीघोस्ट लावलं तर शेंडा एकच राहिला, पण त्या भागापुरता एकाच फाइलचा आधार उरल्यामुळे तिथे दाणे आले.

अण्णा मग डार्करूमबद्दल बोलत बसले. एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर फोटो पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडात ते तळहात हलवत ठेवायचे. चेहरा काळा पडू नये म्हणून त्याच्यावर थोडी सावली धरायची, आकाश कोरं राहू नये म्हणून त्याला जास्तीचे सेकंद द्यायचे. हात स्थिर ठेवला की कागदावर त्याची कड उमटते, म्हणून तो सतत हलता हवा. माझ्या पांढऱ्या पट्टीची हीच जुनी बहीण. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ले ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून प्रिंट काढले होते. तेव्हाच्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग फार लागायचा, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश कोरं यायचं. म्हणजे ही अडचण पावणेदोनशे वर्षांची आहे. माझ्या मते उजेड जोडण्यात गैर काही नाही, फक्त जोडल्यावरही ऊन कोणत्या बाजूचं आहे ते कळलं पाहिजे.

दुसऱ्यांदा मर्ज केलंच नाही. मधली, १/६० ची फाइल पाया धरली. फक्त सूर्याभोवतीचं आकाश १/२५० मधून घेतलं आणि मास्कची, म्हणजे निवडलेल्या भागाची, कड खूप मऊ ठेवली. गवत एकाच फाइलमधलं, त्यामुळे शेंडा एकच. १/१५ ची फाइल जवळजवळ वापरलीच नाही. तिच्यातून डाव्या कातळाचा खालचा तिसरा हिस्सा आणला, तोही वीस टक्के ओपॅसिटीने, म्हणजे अगदी फिका, तिथली एक ओळखीची भेग विरून जाऊ नये एवढ्यासाठी. बाकी कातळ काळा ठेवला. ढोबळ थर दिसतात, झुडपं दिसत नाहीत. संध्याकाळी काठावर पालथी पडून खाली बघत होते तेव्हा मलाही ती दिसली नव्हती.

बारा बाय अठराचा मॅट प्रिंट काढून आणला. कागद पडद्यासारखा स्वतः उजळत नाही, त्यामुळे भेग गायबच झाली. अण्णांनी प्रिंट खिडकीशी नेला, तिरका धरला, पुन्हा सरळ धरला. "अर्धा स्टॉप उघड," म्हणाले, "तेवढ्या कोपऱ्यातच. वरचं राहू दे."

फाइल उघडली आहे. प्रिंटवाला सोमवारी आहे.