तुम्ही विचारलंत म्हणून: बोर्ड धरून उभं राहून होतं काय?

दर होळीला आणि गणपतीत हा प्रश्न मला हमखास येतो, कधी ऑफिसात, कधी सासरी. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांबरोबर मी सणासुदीला चौकात बोर्ड धरून उभी असते ना, त्यामुळे. अगं पण त्याने कोण बदलतं?

बोर्डावर काय लिहिलंय त्यावर आहे सगळं. पहिल्या वर्षी आम्ही आमच्या अतिशहाणपणाने 'होळीत अन्न जाळणे ही अंधश्रद्धा आहे' असं ठळक रंगवलं, दोन तास उभे, वस्तीत वाटायला पोळी एकही मिळाली नाही, वर एका काकांनी आमच्याकडे बघत बघत मुद्दाम अख्खं ताट होळीत रिकामं केलं. दुसऱ्या वर्षी समितीची नेहमीची घोषणा लिहिली, 'होळी करा लहान, पोळी करा दान'. यमकामुळे पोरं ती ओरडत गल्लीभर फिरली हे झालंच, पण खरी गंमत 'दान' या शब्दात आहे, तो त्यांच्याच देव्हाऱ्यातला. गणपतीतही तेच, 'नदीत विसर्जन नको' म्हटलं की भांडण, 'मूर्तिदान करा' म्हटलं की निदान थांबून ऐकतात. (समोरचेही कच्चे नाहीत हं. 'आमच्याच सणांना का?' एवढे तीन शब्द, व्हॉट्सॅपवर आमच्या पत्रकाच्या आधी पोचतात. राग येतो, पण वाक्य भारी आहे.)

शब्दच लागतात असंही नाही. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला आले, तेव्हाच्या घोषणा मला आज नीट आठवत नाहीत, पण दहावीच्या पोरांच्या पेपरला अडचण नको म्हणून ते आझाद मैदानापर्यंत रातोरात चालत गेले हे आठवतं, आणि मुंबईकर त्यांच्यासाठी पाणी, चपला घेऊन उभे होते. आमच्या शाळांमधल्या प्रयोगांचंही तसंच. नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा लपवायचा, मंत्र पुटपुटत पाणी शिंपडायचं, भडका. मग वर्गातल्याच एका मुलीला पुढे बोलवून पाणी तिच्या हातून, आणि मंत्राच्या जागी बे एके बे. तरी भडका! वर्ग जो काय हसतो, त्यापुढे भाषणाची गरजच उरत नाही.

आता कायद्याचं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्यासाठी ते कित्येक वर्षं झगडत होते, त्यामुळे तो आमच्या बोर्डांनी आणला असं मी कधीच म्हणणार नाही, माणूस गेला तेव्हा झाला तो. पुढे कितीतरी वर्षं दर महिन्याच्या 20 तारखेला कार्यकर्ते त्याच पुलावर जमायचे. नुसती तारीख बघितली तरी लोकांना कळायचं कशासाठी ते.

तर होळीचं राहिलं. त्या दुसऱ्या वर्षी एक आजी ताट घेऊन आल्या, पाच पोळ्या. बोर्ड वाचला, होळीकडे बघितलं, एक पोळी आगीत टाकली आणि चार आमच्या टोपल्यात. "एक त्याची, बाकी तुमच्या." सगळ्या तुपाने थबथबलेल्या, वस्तीत पोचेपर्यंत खालच्या पोळ्यांचा लगदा. यंदा बोर्डावर खाली बारीक अक्षरात एक ओळ वाढवलीय, 'कृपया तूप लावू नये'.