जीपीएस असताना सूर्य कशाला बघता?

सुट्टीत चोपड्याला आलो की ओट्यावर हा प्रश्न ठरलेलाच. "काय भो, एवढं मोठं जहाज, जीपीएस आहे, मग सूर्य कशाला बघत बसता?"

तर भाऊ, जीपीएस सांगतं जहाज कुठे आहे आणि कुठे सरकतंय. तोंड कुठे आहे ते साधं जीपीएस सांगत नाही. बाजूने वारा किंवा करंट असला की तोंड एकीकडे अन् चाल दुसरीकडे, चिखलात बैलगाडी तिरपी ओढली जाते ना, तसं. तोंड दाखवतो कंपास (होकायंत्र), आणि त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. मॅग्नेटिक कंपासमध्ये एक फरक जागेचा, व्हेरिएशन, तो चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, छापलेला असतो. दुसरा जहाजाच्या स्वतःच्या लोखंडाचा, डेव्हिएशन, तो कोर्स बदलला की बदलतो, पोटात स्टीलचा माल भरला की परत वेगळा. दुसरा कंपास जायरो, वेगाने फिरणाऱ्या चाकावर चालणारा, त्याला चुंबकाशी घेणंदेणं नाही पण वेग आणि अक्षांशाप्रमाणे तोही थोडा इकडेतिकडे होतो. सूर्याची खरी दिशा मात्र गणिताने काढता येते. म्हणून दर वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) एकदा आणि मोठा कोर्स बदलला की परत एकदा कंपास तिच्याशी ताडून एरर काढायची, वहीत लिहायची.

माझी वॉच चार ते आठ, त्यामुळे सूर्यास्त बहुतेक माझ्याच वाट्याला. ब्रिजच्या (जहाज चालवायच्या खोलीच्या) बाहेर विंगवर, म्हणजे बाजूच्या सज्जावर, जायरोचा रिपीटर, म्हणजे त्याचीच दिशा दाखवणारी तबकडी असते, त्यावर अझिमथ सर्कल, म्हणजे नेम धरायची कडी, ठेवायचं, काळी काच आडवी करायची आणि थांबायचं. सूर्य पाण्याला टेकला की बेअरिंग (उत्तरेपासून उजवीकडे मोजलेली दिशेची डिग्री) घ्यायचं असं नवीन पोरांना वाटतं, पण नाही, खालची कड क्षितिजापासून साधारण अर्ध्या सूर्याएवढी वर असतानाच घ्यायचं, कारण हवेत किरण वाकतात आणि सूर्याचा मध्य खरा तेव्हाच क्षितिजावर असतो. अरबी समुद्रात धुरकट असलं की मग बोंबला, सूर्य पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच गायब.

समजा अक्षांश १२ उत्तर, सूर्याचं डेक्लिनेशन, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर, १८ दक्षिण. साइन १८ भागिले कोसाइन १२, येतं ०.३१६, आणि ज्या कोनाचा साइन एवढा तो १८.४ डिग्री. म्हणजे सूर्य पश्चिमेच्या १८.४ दक्षिणेला मावळणार, खरं बेअरिंग २७० वजा १८.४, म्हणजे २५१.६. जायरोने २५२.५ दाखवलं तर तो ०.९ जास्त दाखवतोय. मॅग्नेटिकने २५४ दाखवलं तर एरर २.४ पश्चिम (कंपास जास्त दाखवतो तेव्हा पश्चिम म्हणायचं), चार्टवर व्हेरिएशन १.५ पश्चिम असेल तर उरलेलं ०.९ पश्चिम डेव्हिएशन. झालं, दोन मिनिटांचं काम.

आता गंमत ऐका. क्रांतिज्येला (डेक्लिनेशनच्या साइनला) त्रिज्येने गुणून लंबज्येने (अक्षांशाच्या कोसाइनने) भागायचं, हे आपल्या जुन्या सिद्धांत ज्योतिषातलं अग्रा, म्हणजे सूर्य पूर्व-पश्चिमेपासून किती सरकून उगवतो-मावळतो ते, काढायचं गणित, आणि ते अगदी हेच आहे! भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला त्यातही दिशा काढायचा हा भाग येतो, आणि तो ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला तो आपल्या चाळीसगावजवळ पाटणला. १२०७ च्या सुमाराचा तो शिलालेख पाटणादेवीला आहे. आम्ही मात्र कॉलेजात हे इंग्रजी टेबलांतून घोकलं, पाटणचं नाव एकाने घेतलं नाही, याचा मला अजून राग येतो.

सूर्य वर असेल तर अझिमथ, म्हणजे त्या क्षणीची त्याची दिशा, काढावा लागतो, त्यात अल्मनाक (सूर्य-ताऱ्यांच्या जागांचं पंचांग) आणि सेकंदापर्यंत बरोबर वेळ लागते, तेवढंच. रात्री ध्रुव तर फारच सोपा, आपल्या अक्षांशात तो खऱ्या उत्तरेपासून एका डिग्रीच्या आतच फिरतो.

घरी करून बघायचं असेल तर जळगाव-चोपड्याला २१ जूनला सूर्य साधारण ६५ डिग्रीवर उगवतो, २१ डिसेंबरला ११५ वर. इथे व्हेरिएशन एक डिग्रीपेक्षाही कमी आहे, त्यामुळे कंपासने याहून फार वेगळं दाखवलं तर दोष आजूबाजूच्या लोखंडाचा. गच्चीवर नका करू, स्लॅबमध्ये सळया असतात. कापसाच्या शेतात मोकळ्या जागी जा, अन् ट्रॅक्टर लांब लावा.