तीन रकान्यांची वही

भाचा तिसरीत असताना शाळेने ताईला बोलावून सांगितले की, याने शेजारच्या मुलाला कंपासपेटी फेकून मारली आहे, तेव्हा तुम्ही दाखला घेऊन गेलेले बरे. दाजी गेल्यापासून दोघे ऐरोलीला आमच्याकडेच राहतात. शिक्षणहक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असा अर्ज मी लिहिला आणि त्याची पोच घेतली. दाखला टळला, पोराचे काहीच सुटले नव्हते.

ठाण्यातील बालमानसोपचारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत निदान सांगितले नाही, याचा मला तेव्हा रागच आला होता. त्यांनी आधी कान व डोळे तपासून आणायला सांगितले. मग एक प्रश्नावली घरासाठी आणि एक वर्गशिक्षिकांसाठी दिली, कारण एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार, म्हणायचे तर लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. शिवाय तीन रकान्यांची वही ठेवायला लावली : आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर मोठ्यांनी काय केले.

तिसरा रकाना भरताना आमचीच लाज वाटू लागली. एका संध्याकाळची नोंद अशी आहे : पुस्तकातला उतारा लिहायला बसवले, त्याने वही फाडली, मी थोबाडीत मारली, आईने त्याला गॅलरीत नेऊन राजगिऱ्याचा लाडू दिला आणि ताईने कामावरून आल्यावर दोन दिवस टीव्ही बंद केला. एका गुन्ह्याला एकाच घरात तीन निकाल!

पहिल्या रकान्यात मात्र जवळजवळ दर वेळी लिखाणच होते. त्यावरून बाईंनी पुढच्या चाचण्या करवल्या आणि एडीएचडीच्या जोडीला विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे लिहिण्या-वाचण्यासारख्या कौशल्यांतली अडचण, निघाली, जी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे. प्रमाणपत्राच्या फेऱ्या अजून चालू आहेत.

आता उतारा चार-चार ओळींत तोडून देतो आणि वही फाडली तर फाटलेले पान त्याने चिकटवायचे, एवढाच नियम तिघांनी पाळायचा असे ठरले आहे. आईचा लाडू थांबवायला महिना लागला, माझा हात थांबवायला त्याहून अधिक.

परवा वही उघडली, तर पहिल्या रकान्यात त्याच्या अक्षरात ओळ होती : ‘मम आधी ओरडला.’ दोन काने राहिले होते. नोंद बरोबर होती.