फिल्टर आणि आई

आज अख्खी दुपार माशाच्या फिल्टरपायी गेली. टाकी 60 लिटरची, म्हणजे ताशी 250-300 लिटर पाणी फिरवणारा पुरे, हे गणित घरूनच करून निघालो होतो. दुकानदार मात्र अस्सल इंदुरी: "भिया, हज़ारवाला ले जाओ!" त्या धारेत आमचा फायटर मासा गरगर फिरला असता. शेवटी एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर आणला. त्यात बिघडायला आहेच काय!

खरी लढाई घरी झाली. जुना स्पंज आईने नळाखाली धरलेला. अगं, नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानं स्पंजातले, माशाच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

"म्हणजे घाण घाणीतच धुवायची?"

बोला आता.