नव्या पत्र्याला मुद्दाम गंज चढवला, माझा अनुभव

घराच्या नावाची पाटी गंजलेल्या लोखंडाचीच पाहिजे असं घरात ठरलं, ते हल्ली कॅफेत वगैरे तांबूस-तपकिरी असतं ना तसलं. खरं तर त्यासाठी कॉर्टेन नावाचं स्टील मिळतं, त्यात तांबं, क्रोमियम असं थोडं थोडं मिसळलेलं असतं आणि वरचा गंजच घट्ट बसून आतलं लोखंड सांभाळतो, पण एका पाटीपुरता तुकडा कोण देणार. म्हणून साधा एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे नेहमीचं लोखंड) पत्रा कापून घेतला. फॅब्रिकेटर सवयीने रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल प्रायमर, मारायलाच निघाला होता, त्याला थांबवलं. (गंमत म्हणजे त्या प्रायमरचा लाल रंगसुद्धा लोखंडाच्या ऑक्साइडचाच असतो.) जीआय (गॅल्व्हनाइज्ड) किंवा स्टेनलेसचा पत्रा मात्र या कामाला घेऊच नका, एकावर जस्त असतं आणि दुसऱ्यात क्रोमियम, हवा तसा गंज धरतच नाही.

सगळ्यात जास्त मेहनत घासण्यात गेली. नव्या पत्र्यावर कारखान्यातूनच एक निळसर काळी साल येते, वर तेलाचा हात, त्यामुळे पाणी टिकतच नाही, नुसते थेंब होऊन पळतात. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून ती साल काढली, मग थिनरने पुसलं, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही, बोटांचे ठसेपण नंतर उठून दिसतात.

मग मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा लिटर, त्यात चार मोठे चमचे व्हिनेगर आणि छोटा दीड चमचा मीठ. हे मोकळ्या हवेत, ग्लोव्ह्ज आणि चष्मा घालूनच करा, उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका कारण गॅस साठून बाटली फुगते, आणि ब्लीच तर चुकूनही त्यात घालू नका, क्लोरीन सुटतो. स्प्रे मारल्या मारल्या पत्रा फसफसला आणि डोळ्यादेखत आधी पिवळा मग नारिंगी झाला, भारी दिसतं ते.

आता खरी गोष्ट. गंजाला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात. गंजताना विद्युतभार इकडून तिकडे जावा लागतो, मिठाने तो पाण्यातून सहज फिरतो म्हणून वेग वाढतो, कोकणात खिडक्यांचे गज लवकर जातात ते यामुळेच. व्हिनेगर उरलासुरला थर खातं आणि पेरॉक्साइड जागच्या जागी ऑक्सिजन पुरवतं. पण म्हणून पत्रा बादलीत बुडवून ठेवायचा नाही, कारण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी आणि तो खोलवर पोचायलाही वेळ लागतो. पातळ ओल असली की हवा लगेच आत शिरते, म्हणून हलका स्प्रे, उन्हात वाळू द्यायचं, परत स्प्रे. माझा रंग या ओल्या-सुक्या फेऱ्यांनीच गडद झाला, नुसतं एकदाच भरपूर ओतलेल्या तुकड्यावर सगळी भुकटी जमली होती, हात लावला की निघायची.

मनासारखा रंग आल्यावर साध्या पाण्याने मीठ नीट धुवून काढलं, पूर्ण सुकवलं आणि वर मॅट क्लिअर लॅकर. लॅकरने रंग एक छटा काळपट होतो, त्यामुळे थोडा फिका असतानाच थांबा. आणि पांढऱ्या भिंतीवर लावणार असाल तर पाटी बोटभर पुढे ठेवा, पावसाळ्यात कडेने तांबडे ओघळ थोडे येतातच.