शीवच्या अलीकडे

लेकीला शाळेतून मुंबईचा नकाशा काढून आणायला सांगितला होता. मी मदतीला बसलो, पेन्सिल घेतली आणि कागदावर वरून खाली सरळ एक रेघ ओढली. बोरिवली, अंधेरी, वांद्रे, दादर, चर्चगेट. शेजारी दुसरी रेघ, ठाण्याहून आलेली, ती दादरला पहिलीला चिकटवली.

"बाबा, समुद्र कुठाय?"

समुद्र राहूनच गेला होता.

आम्हा लोकलवाल्यांचा नकाशा हा असाच. उत्तर-दक्षिण आम्हाला विचारू नये. पूर्व-पश्चिम पक्की, पण तीही पुलावरून कुठे उतरायचं एवढ्यापुरती. प्लॅटफॉर्मवर तर 'विरारच्या बाजूला उभा राहा' म्हटलं की माणूस बरोबर सापडतो. अंतर किलोमीटरमध्ये सांगितलं की समजावं, पाहुणा आहे. आणि समुद्र? तो मरीन लाइन्स ते चर्नी रोड, खिडकी पश्चिमेची मिळाली तर.

शेवटी जुना नकाशा शोधून काढला. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशी सात बेटं, मध्ये पाणीच पाणी. महालक्ष्मी आणि वरळीमधली खिंड बांध घालून अडवली ती १७८४ च्या सुमारास, हॉर्नबी गव्हर्नर असताना सुरू झालेलं काम. पुढे भराव पडत गेले. पाणी गेलं, नावं राहिली. बेटावर शिरताना पाय धुवायचे म्हणून पायधुणी, असं सांगतात. उमरखाडीत आज खाडी शोधायला जाल तर दुहेरी लावलेले टेम्पो सापडतील.

शीव, म्हणजे सायन स्टेशन, या नावाचा अर्थच वेस. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, २६ जुलै २००५ ला कळलं. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. गाड्या बंद, म्हणून दादरहून रुळांवरूनच चालत निघालो. दुसरा रस्ता डोक्यात येईना. खडीवरून चपला हातात घेऊन माटुंगा, मग शीव. पुढे कुर्ल्याकडे नुसतं पाणी. मिठी नदीनं दोन्ही काठ सोडलेले. एका काकांनी छत्रीच्या टोकानं तिकडे दाखवत सांगितलं, "इथंच संपायची मुंबई." पलीकडे साष्टीचं बेट, मधे दलदल, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यावर बांध. तेव्हा मला त्या माहितीचा राग आला होता. पोटात भूक, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि हे इतिहास सांगतायत. रात्र शीवलाच मावशीकडे काढली. तिची पिठलं-भाकरी अजून आठवते.

लेकीनं आता माझ्या रेघांभोवती सात बेटं काढली, मधली जागा निळ्या खडूनं भरली. रेघ काही तिनं खोडली नाही. मान तिरकी करून बघत म्हणाली, "बाबा, म्हणजे गाडी पाण्यातून जाते?"

"जुलैत जाते," मी म्हटलं.